पपईच्या शेजारी मोसंबी नको

“फळाला एकटंच जाऊ द्यावं, सोबत दिली की ते पोटात भांडण काढतं,” असं महिपतराव म्हणायचे.

डोंबिवलीच्या एका केमिकल कंपनीत त्यांची सगळी नोकरी स्टोअरमध्ये गेली. कुठल्या पिंपाशेजारी कुठलं पिंप ठेवायचं नाही, हे त्यांनी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. निवृत्तीनंतर सरस्वतीबाईंना अन्न पचेनासं झालं, तेव्हा त्यांनी बायकोचं पोटही तसंच ताब्यात घेतलं. दिवसदिवस मोबाईलवर व्हिडिओ बघितले. पपई सकाळी, उपाशीपोटी. आंबट फळ गोडाला शिवू द्यायचं नाही. कलिंगडाबरोबर काहीच नाही. जेवणावर फळ नाही, आणि दुधात फळ तर नाहीच नाही. डोंबिवलीशेजारच्या कोपरमधल्या त्यांच्या लहानशा घरात प्रत्येक फळाची सुरी वेगळी झाली.

सून संचिता सुरुवातीला हसायची. सरस्वतीबाईही हसायच्या.

“अहो, पपईचं आणि मोसंबीचं एवढं वैर असेल तर माझ्या पोटात मधोमध भिंतच घालून द्या.”

“चेष्टा नको. ढेकर कमी झाले की नाही?”

“खाल्लंच नाही तर ढेकर कशाचे येणार?”

मग हसणं थांबलं. सरस्वतीबाई पलंगावर बसल्या तरी गादीला कळेनासं झालं.

ठाण्याच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी संचिताला आणि महिपतरावांना तेवढं आत बोलावलं. गाठ पोटात होती आणि यकृतापर्यंत पोचली होती. डॉक्टर बोलत होते ते महिपतराव मान हलवत ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, “मग डाळिंब दुपारी दिलं तर चालेल? पपईनंतर किती वेळ सोडू?”

डॉक्टरांनी फाईल मिटली. “काका, कशावर काय चालतं ते आता नका बघू. मागतील ते द्या.”

रिक्षात बसल्यावर महिपतराव म्हणाले, “पोरगेला आहे. आहाराचं काही कळत नाही त्याला.”

त्या दिवसापासून नियम अधिकच कडक झाले. ते सकाळी बाजारात जात, एकेक पपई नाकाशी धरून बघत, घरी येऊन तिच्या पातळ फोडी करत. सरस्वतीबाई दोन फोडी खात आणि ताटली सरकवत. उरलेल्या फोडींकडे ते असे बघत, जणू चूक त्यांच्या कापण्यातच होती. संचिताला वाटे, ओरडून सांगावं, बाबा, पुरे. पण ओरडून सांगायचं म्हणजे डॉक्टरांचं ते वाक्य घरात आणायचं. तिचीही हिंमत होत नव्हती.

एका दुपारी, कित्येक दिवस काहीही न मागणाऱ्या सरस्वतीबाई म्हणाल्या, “संचिता, शिकरण खावंसं वाटतंय गं.”

दारातून महिपतराव गरजले, “दुधात केळं? जीव द्यायचाय का तुला?”

सरस्वतीबाई त्यांच्याकडे वळल्या.

“अहो, मला कळलंय हो.”

“काय कळलंय?”

“ठाण्याहून आल्यापासून तुम्ही माझ्याकडे बघत नाही. नुसती फळं कापता.”

महिपतरावांनी चौकट धरली.

“मी करते, आई,” संचिता उठली.

“तू नको. त्यांना करू दे.”

ते स्वयंपाकघरात गेले. संचिता मागोमाग गेली, तर त्यांनी हातानेच तिला बाजूला सारलं. केळं सोललं, वाटीत बोटांनी कुस्करलं. दुधाचं पातेलं वाटीवर धरून मात्र ते नुसतेच उभे राहिले. त्यांची पाठ गदगदताना संचिताने पाहिली आणि तिला कळलं, आता कुठे यांनी डॉक्टरांचं ऐकलं. मग धार पडली. साखर पडली.

त्यांनी सरस्वतीबाईंना उशीला टेकवून बसवलं आणि पहिला चमचा भरवला. तो घास सरस्वतीबाईंनी जिभेवर घोळवला, डोळे मिटून गिळला.

“साखर जरा जास्त झाली,” त्या म्हणाल्या. “पण असू दे. द्या अजून.”

महिपतरावांनी चमचा संचिताच्या हातात दिला, बायकोच्या ओठांवरचं दूध अंगठ्याने पुसलं आणि दार उघडून बाहेर पडले.