उंच गाडीचा कौल

आमच्या वाडीतला हितेश नागवेकर बोटीवर असतो. वर्षातून काही महिने घरी येतो आणि तेवढ्यात सगळ्या वाडीला शहाणं करून सोडतो. बोटीवर तो नेमकं काय करतो देव जाणे, पण इथे कप्तान असल्यासारखा चालतो.

त्याच्या दारात वडिलांच्या वेळची डिकीवाली गाडी होती. बुटकी, लांब, रंग उडालेली. त्याची आई गोदूबाई त्या गाडीतून दर महिन्याला राजापूरला जायची. तिथे तिची थोरली बहीण चिमा अंथरुणाला खिळून आहे. गाडी चालवायचा शेजारचा विठू, मच्छीवाला. गोदूबाईचे गुडघे कामातून गेलेत, एसटीची पायरी तिला चढवत नाही. पण या गाडीत ती आधी बूड टेकायची, मग एकेक पाय हाताने उचलून आत घ्यायची. कुणाचा हात धरायची नाही. तिला त्याचा भारी अभिमान.

यंदा हितेशने नवी गाडी घ्यायचं ठरवलं. शोरूमला मलाही नेलं, कौतुकाला कुणीतरी लागतंच. तिथे सगळ्या गाड्या छाती फुगवून उभ्या. कोपऱ्यात एकच डिकीवाली उरली होती.

"शेवटची आहे. अशा आता कुणी घेत नाही, कंपनीने बंदच केली," तिथला पोरगा म्हणाला.

"हितेश, आईला ही बरी," मी म्हटलं.

"काका, ही म्हाताऱ्या माणसांची गाडी!" तो हसला. घरात म्हातारं माणूस आहे, हे त्या गाढवाच्या डोक्यातही आलं नाही.

मग स्वारी ग्रामदेवतेला कौल लावायला गेली. शिवा गुरवाने देवाच्या दोन्ही अंगांना फुलांचे ओले कळे चिकटवले. पांढरी गाडी घेऊ का? डावा कळा पडला, म्हणजे नाही. काळी घेऊ? उजवा पडला. घरी कधी आणू, तेही विचारून झालं.

"आनी काय इचारायचा हाय?" शिवाने विचारलं.

"बस्स, झालं," हितेश म्हणाला.

गोदूबाई देवळाबाहेर जुन्या गाडीत दार उघडं टाकून बसली होती. तिला विचारायला तर गुरवही लागला नसता.

काळं धूड आलं. अंगणात मावेना म्हणून हितेशने कुंपणाचा जांभ्या दगडाचा गडगा पाडला, त्यात आईची अबोली गेली. जुनी गाडी त्याने विठूला विकून टाकली. नारळ फुटला, पेढे झाले आणि हितेशने आईला हाक मारली, "आये, चल, एक चक्कर मारू."

गोदूबाईने हातात पदर धरला आणि गाडीच्या उंच पायरीकडे पाहिलं. पाय उचलला, तो अर्ध्यातच राहिला. हितेशने स्वयंपाकघरातलं प्लास्टिकचं स्टूल आणलं. तेही डुगडुगलं. मग शहाणा म्हणतो, "थांब, दोघं मिळून उचलून ठेवतो तुला."

"मी काय तांदळाची गोन हाय?" एवढंच म्हणून ती घरात गेली. मला रडू फुटायचं बाकी होतं. आणि हा आरशात केस बघत होता.

त्या महिन्यात गोदूबाई राजापूरला गेली नाही. चिमाचे फोन यायचे. ही म्हणायची, "येतंय गो, येतंय."

पुढल्या महिन्यात एका सकाळी त्या पाडलेल्या गडग्यातून जुनी गाडी आत आली. डिकीला बांगड्याचा वास. विठूने पुढचं दार उघडलं. गोदूबाई लुगडं सावरून आली, बूड टेकलं, एक पाय आत घेतला, दुसरा घेतला.

हितेश धावत आला. "आये, त्या वासात कुठे जातेस? बरं, थांब, मीपण येतो."

गोदूबाईने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आदी देवाला इचारून ये," ती म्हणाली आणि स्वतःच्या हाताने दार लावून घेतलं.