चपलेतली चांदीची डबी

त्या विहिरीच्या काठावरची चपलांची जोडी मी अजून विसरलेलो नाही. नीट जुळवून ठेवलेली होती. एका चपलेत मोबाईल होता आणि दुसरीत दोऱ्यासकट एक छोटी चांदीची डबी. नोकरीत प्रेतं पाहून पाहून माणूस सरावतो, मीही सरावलो होतो. पण निवृत्तीनंतर स्वतःच्या घराच्या दाराशी चपला काढतानाही कधीकधी ती जोडी आठवते आणि मन खिन्न होतं.

मी तेव्हा परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्याचा प्रभारी होतो. घटना वालूरच्या बाजूच्या एका गावातली आहे. गावाचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. सकाळची हजेरी चालू असताना बीट अंमलदाराचा फोन आला की गावच्या भुसार दुकानदाराचं प्रेत त्याच्याच शेतातल्या विहिरीत तरंगतंय. आम्ही गेलो, प्रेत वर काढलं, पंच बोलावले, पंचनामा केला. पन्नाशी ओलांडलेला लिंगायत वाणी होता तो. गावात दुकान आणि साखर कारखान्याला ऊस ओढणारा एक ट्रॅक्टर, एवढा त्याचा पसारा. काठावरच्या वस्तू हवालदाराने लिहून घेतल्या आणि जप्त केल्या. 'चांदीची डबी, दोऱ्यासह, एक नग.' मी खाली सही केली. अकस्मात मृत्यूची नोंद झाली आणि प्रेत ग्रामीण रुग्णालयात गेलं.

मृत्यूचं कारण गावाकडे तयारच होतं. आमच्या भागात ऊसतोडीचे मुकादम आणि ट्रॅक्टरवाले यांच्या बिलातून कारखाना कर कापतो आणि सरकारात भरतो. ज्याचं उत्पन्न करात बसत नाही त्याने विवरणपत्र भरलं की ती कपात त्याला परत मिळते. हा दुकानदार चार बुकं शिकलेला, म्हणून गावातले मुकादम आणि ट्रॅक्टरवाले त्याच्याकडे आले. त्याने सगळ्यांना तालुक्याच्या गावातल्या एका करसल्लागाराकडे नेलं, स्वतःचंही काम तिथंच दिलं. विवरणपत्रं भरली गेली. हंगामामागून हंगाम गेले, कुणाच्याच हाती काही पडलं नाही. सल्लागाराचं उत्तर ठरलेलं असायचं, "सरकारी काम आहे, वेळ लागतोच." आणि हे ऐकलं की आपल्याकडे पुढे कुणी विचारतच नाही. सगळ्यांचा अनुभव तोच असतो ना!

पण सल्लागार पडला लांब, दुकान पडलं दारात. लोक दुकानदारालाच विचारू लागले. आधी गमतीत, मग टोमणे मारून, मग तोंडावर. आपला पैसा याच्या दुकानात फिरतोय, असं चारचौघांत बोललं जाऊ लागलं. त्यामुळे विहिरीत प्रेत सापडल्यावर गावाने हिशेब जुळवून टाकला. खाल्लं, लाज वाटली, उडी टाकली. पंचांपैकी एकाने तर पंचनाम्यावर सही करता करता मला हे ऐकवलं, जणू माझं काम तो हलकं करत होता.

दुपारी शवविच्छेदन संपलं. बाहेर लिंबाखाली दुकानदाराची बायको बसली होती. उंच, सावळी बाई, डोळे कोरडे. ती उठून माझ्याजवळ आली आणि म्हणाली की बाकी वस्तू राहू द्या, पण गळ्यातलं तेवढं द्या, त्यांच्यासोबत ते मातीत द्यायचं असतं. त्या समाजात प्रेत जाळत नाहीत, बसवून पुरतात, आणि आयुष्यभर गळ्यात धारण केलेलं इष्टलिंग हातात देतात. चांदीच्या डबीत तेच होतं, एवढं मलाही ठाऊक होतं. अशा वेळी कायद्याचा कीस काढू नये, मी हवालदाराला पावती करायला सांगितली.

"घावलं कुठं?" तिने विचारलं.

"तिथंच, काठावर. चपलेत ठिवलेलं होतं," हवालदार सहज बोलून गेला.

बाईने पुढे केलेला हात मागे घेतला. 

"साहेब, ते अंगोळीला काढत नव्हते. निजताना काढत नव्हते. पूजेला तळहातावर घ्यायचे तेवढंच. जीव द्यायचा असता तर त्याच्यासंगट दिला असता." मग ती हवालदाराच्या हातातल्या डबीकडे पाहत म्हणाली, "आमच्यातला माणूस एखाद्याला मारील बी. पण हे चपलेत न्हाई ठिवणार."

मी डबी हातात घेऊन पहिल्यांदा नीट पाहिली. दोरा तुटलेला होता आणि तुटलेली टोकं घट्ट गाठ मारून जोडली होती. आत जाऊन डॉक्टरांना विचारलं. मृत्यू बुडूनच, पण मानेच्या मागच्या बाजूला एक बारीक, ताजी ओरखड्याची रेघ आहे, असं ते म्हणाले.

आता ती डबी पुरावा झाली होती. बाईला मी ते समजावून सांगितलं. गप्प राहिली असती तर तिला ती तासाभरात मिळाली असती आणि नवऱ्याच्या कपाळी चोराचा शिक्का कायमचा बसला असता. तिने बोलायचं ठरवलं. त्यांच्या समाजाचे पुरोहित असलेल्या जंगम स्वामींनी दुसरं लिंग आणून विधी पार पाडला. गावातली मोजकीच माणसं आली होती. "हे बी देवच हाय," ती मला नंतर म्हणाली, "पण त्यांचं न्हवं."

दोन दिवसांनी गावचा पोस्टमन ठाण्यात आला. आमच्या धंद्यात खबर देणारा माणूस आधी चहा घेतो, हवापाण्यावर बोलतो आणि निघता निघता मुद्द्यावर येतो. हा मात्र दारातच बोलू लागला. दुकानदाराने आयकर खात्याला माहितीच्या अधिकारात अर्ज पाठवला होता. माझा परतावा का रखडला, कोणत्या टप्प्यावर आहे, दिला असेल तर कधी आणि कुठे दिला, एवढंच त्यात विचारलं होतं. अर्ज रजिस्टर करताना तो पोस्टमनला म्हणाला होता की उत्तर आलं की देवळासमोर सगळ्यांना वाचून दाखवीन, लोकांची तोंडं बंद होतील. पुढची गोष्ट सांगताना पोस्टमनचा आवाज खाली गेला.

"साहेब, अर्जाचं त्यांनी त्या सल्लागारालाबी सांगितलं होतं. मग तो माझ्याकडं आला. म्हणला, त्यांचं रजिस्टर आलं की माझ्या हापिसात टाका, मी त्यांचंच काम बघायलोय. मी न्हाई म्हणलं. आन दुकानदाराला सांगितलं. तिसऱ्या दिवशी ते विहिरीत. माझ्या सांगण्यानं तर न्हाई ना गेले ते?"

मी त्याला नाही म्हटलं. त्या वेळी ते खरं आहे की खोटं, मलाच माहीत नव्हतं.

सल्लागाराला नोटीस देऊन बोलावलं. पस्तिशीचा, गोड बोलणारा गडी. इस्त्रीचा सदरा घालून, स्वतःची पाण्याची बाटली घेऊन आला. त्याच्या कचेरीची माहिती मी आधीच काढली होती. लोकांना मोबाईलवर येणारे ओटीपीचे आकडे सांभाळता येत नाहीत म्हणून सगळ्यांच्या कागदांवर तो स्वतःचाच नंबर टाकायचा. टेबलावर आधारचं अंगठ्याचं यंत्र असायचं. 'अंगठा ठेवा' म्हटलं की लोक ठेवत. कशासाठी, हे विचारणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं, अशी आपल्याकडची रीत. सरकारचा प्रत्येक निरोप त्यामुळे त्याच्याच खिशात येत होता. माहितीच्या अधिकारातला अर्ज मात्र दुकानदाराने स्वतः लिहून, खाली आपल्या घराचा पत्ता घालून टपालाने पाठवला होता. सल्लागाराच्या हातून न जाणारं उत्तर पहिल्यांदाच गावात येणार होतं.

पहिल्या दिवशी तो दुःखात होता. देवमाणूस गेला म्हणाला. मग हळूच, लोकांचे पैसे त्यांनीच वापरले असतील, मेलेल्या माणसाबद्दल कसं बोलावं, असंही म्हणाला. प्रेत सापडलं त्याच्या आदल्या दिवशी आपण परभणीला होतो, हे त्याने न विचारता सांगितलं. मोबाईलच्या टॉवरची माहिती आली, त्यात त्या दिवशी दुपारभर त्याचा फोन त्या गावाच्या टप्प्यात होता. मी ते लगेच त्याच्यासमोर टाकलं नाही. पैशाबद्दल खोटं बोलणारा माणूस पैशाच्या प्रश्नांची तयारी करून येतो, त्याला तिथे गाठण्यात अर्थ नसतो. मी इकडच्या तिकडच्या गप्पा काढल्या. शाळा, आजोळ, पोहणं. चारठाण्याकडे आजोळ होतं त्याचं, तिथल्या विहिरीत शिकला. विहिरीचं नाव निघताच तो आधी अडखळला, मग लहानपणाचं बोलता बोलता खुलला.

"आणि पोहायला उतरताना घड्याळ, पैसे कुठे ठेवायचे?"

"चपलेत, साहेब. सगळेच ठेवतात."

बोलून झाल्यावर त्याला स्वतःचं वाक्य ऐकू आलं. त्याने बाटली उघडली, पाणी प्यायला आणि झाकण लावायला त्याला बराच वेळ लागला. कोर्टात हा पुरावा होत नाही. पण टॉवरची माहिती आणि मानेवरची रेघ हाताशी होती. खुनाचा गुन्हा दाखल करून मी त्याला अटक केली आणि पोलीस कोठडी घेतली.

तो कोठडीत असतानाच आयकर खात्याचं उत्तर आलं. पोस्टमनने ते बाईच्या हातात दिलं. तिने पाकीट फोडलं नाही, तसंच घेऊन ठाण्यात आली. मी पंचांसमोर उघडलं आणि सल्लागाराला समोर उभं करून वाचलं. परतावा रखडलेला नव्हता. प्रत्येक वर्षी वेळेवर निघून अर्जदाराच्या नावच्या बँक खात्यात जमा झाला होता. खाते क्रमांकाचे शेवटचे आकडेही दिले होते. दुकानदाराचं त्या बँकेत खातं आहे हे त्याच्या बायकोला ठाऊक नव्हतं, आणि त्यालाही नव्हतं. अंगठा ठेवा म्हणून उघडलेलं ते खातं होतं. दुकानदाराचं तसं, इतरांचंही तसंच. एटीएमची कार्डं पुढे सल्लागाराच्या कचेरीत इन्व्हर्टरच्या पेटीत सापडली, आणि पैसे काढतानाचं त्याचं तोंड बँकेच्या कॅमेऱ्यात.

पत्र वाचून झाल्यावर तो खाली बघत म्हणाला, "सरकार इतक्या लवकर उत्तर देतं, हे कुणाला माहीत होतं, साहेब? उत्तर यायच्या आत मी पैसे भरणार होतो."

लोकांना जे सांगून त्याने लुटलं, त्यावर त्याचा स्वतःचाही पुरा विश्वास होता.

मग तो बोलला. याने आपलं रजिस्टर मागितल्याचं पोस्टमनकडून कळल्यावर दुकानदाराने त्याला शेतात बोलावलं. दुकानात बोलावलं असतं तर लोकांनी ऐकलं असतं, याची अब्रू गेली असती, म्हणून शेतात. दुकानदार चपला काढून विहिरीच्या काठच्या दगडी थारोळ्यावर बसला आणि म्हणाला, उद्या माझ्यासोबत गावासमोर चल. शब्दाने शब्द वाढला. झटापटीत गळ्यातला दोरा याच्या हातात तुटून आला आणि माणूस खाली गेला. दुकानदाराला पोहता येत नव्हतं. याला येत होतं. हा काठावर उभा राहिला. पाणी शांत झाल्यावर त्याने दोऱ्याला गाठ मारली, पडलेला मोबाईल उचलला आणि दोन्ही वस्तू चपलांत ठेवल्या.

मी नोकरीत पुष्कळ कबुल्या ऐकल्या. त्या दिवशी मात्र बाहेर जाऊन ठाण्याच्या नळावर हात धुतले. मला त्या माणसाची किळस आली होती.

खटला उभा राहिला. जन्मठेप झाली. बाईने ते पत्र देवळासमोर वाचायला लावलं. गाव जमलं, सगळ्यांनी ऐकलं. जे सर्वांत मोठ्याने बोलले होते ते मागच्या रांगेत उभे होते.

डबी मात्र मुद्देमालाच्या खोलीतच राहिली. खटला चालू म्हणून, मग निकालाची नक्कल नाही म्हणून, मग आरोपीचं अपील म्हणून. तोवर मी निवृत्त झालो होतो. एक दिवस बाई गावाहून एसटीने माझ्या घरी आली आणि म्हणाली, "साहेब, त्यायनी लिवला होता तसा अर्ज मला लिवून द्या. का उशीर व्हायलाय, एवढंच इचारा."

मी लिहिला. माझ्याच जुन्या ठाण्याच्या नावे, मुद्देमाल परत देण्यास होणाऱ्या विलंबाची माहिती मिळण्याबाबत. आयकर खात्याने तिच्या नवऱ्याला महिन्याच्या आत उत्तर दिलं होतं. आमच्या खात्याला त्याहून बराच जास्त वेळ लागला, आणि उत्तरही 'प्रकरण न्यायप्रविष्ट' एवढंच आलं. तिने वर अपील केलं. मग पुन्हा एक अर्ज.

सरकारला उशीर होतो हे आपण इतकं गृहीत धरलेलं असतं, की त्या उशिराच्या आडोशाला कुणीही चोर येऊन बसू शकतो. या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच. एका माणसाने तो आडोसा बाजूला करून विचारलं, आणि त्याचा जीव गेला. बाकीचे आम्ही, गणवेशातलेसुद्धा, आडोसा वाढवत राहतो.

शेवटी गेल्या वर्षी कोर्टाचा आदेश झाला. डबी घेऊन ती थेट माझ्या ओट्यावर आली. डबीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली होती, लाखेचा लाल ठिपका होता. तिने चिठ्ठी तोडली, लाख नखाने खरवडली. मग दोऱ्याची गाठ सोडवू लागली. इतक्या वर्षांत ती दगडासारखी झाली होती. माझ्या बायकोने आतून कात्री आणून दिली.

बाईने कात्री बाजूला ठेवली.

"ज्यानं ह्यांना मारलं त्याची गाठ हाय ही," ती म्हणाली. "कापली तरी गाठ गाठच ऱ्हाती, सोडवूनच न्यायची. ह्यांच्याजवळ नको."

ती दातांनी, नखांनी सोडवत बसली. मी समोर बसून होतो. गाठ सुटली तेव्हा तिने तो दोरा माझ्या हातात दिला, डबी पदराच्या टोकात बांधली आणि नवऱ्याच्या समाधीकडे जायला एसटी गाठायची म्हणून पाणीही न पिता उठली. दोरा फेकून द्या म्हणाली होती. मी अजून फेकलेला नाही.