पंपवाल्याचं सुतक

आमचं माहेरचं आडनाव मी इथे लिहिणार नाही. संकोच म्हणून नव्हे, सोय म्हणून. लिहिलं तर ही कोणाची मुलगी ते तंजावरात पहिल्या ओळीलाच कळेल, आणि मग पुढचं वाचायला कोण कशाला थांबेल? आम्ही होतोच तेवढे थोडे. एक घर आमचं. दुसरं पापनाशमला, तिथे अप्पांची एक विधवा काकू एकटीच राहायची. तिसऱ्या घरातला मुलगा सिंगापूरला गेला. पासपोर्ट काढताना त्याच्या आडनावाच्या जागी वडिलांचं नाव पडलं, त्यामुळे तिथले लोक त्याच्या बायकोला बिनदिक्कत सासऱ्यांच्या नावाने हाक मारतात. तिने सुरुवातीला कानांवर हात ठेवले, मग सवय झाली. म्हणजे तेही घर गेल्यातच जमा.

तशी आमच्याकडे आडनावाची कोणाला गरज नव्हती. तमिळ रिवाजाप्रमाणे बापाच्या नावाचं आद्याक्षर पुढे लावलं की माणूस पुरा होतो, आणि मराठी असेल तर मागे 'राव' चिकटतो. अप्पा पाटबंधारे खात्यात होते. कालव्याच्या दारांवर त्यांचा आयुष्यभर अंमल चालला, पण तो सगळा 'राव सार' या दोन शब्दांत. माझ्या शाळेच्या दाखल्यावरही आडनाव नव्हतं. ते बाहेर निघायचं फक्त लग्नाच्या बोलण्यात, श्राद्धाच्या वेळी, आणि आत्या चिडली की. 'या घराण्यात असलं कधी झालं नव्हतं' असं म्हणून ती आडनाव अशा ठसक्यात उच्चारायची, की दूधवाला सायकल थांबवून आत बघायचा.

अप्पांना मात्र त्या आडनावाचं वेड होतं. ते कुठून आलं याची त्यांच्याजवळ निदान तीन उत्तरं होती आणि समोर कोण बसलंय ते पाहून ते त्यातलं एक काढायचे. कलेक्टर कचेरीतला साहेब असेल तर आमचे पूर्वज राजांचे खजिनदार. वैदिक असेल तर मोठे याज्ञिक. पेन्शनर मित्रांत बसले की मूळपुरुष घोडदळातला, आणि त्याची तलवार 'आत कुठेतरी' आहे. आमच्या आत नारळ सोलायचा सुळा सोडला तर दुसरं हत्यार नव्हतं. पण तिन्ही उत्तरांचा शेवट एकच असे: "हें आडनाव जगांत कोठेंही सापडो, तो माणूस अमचाच. एक मूळ, एक झाड."

या झाडाची शेवटची फांदी मी होते. एकुलती एक आणि मुलगी. मी उजवले की आडनाव संपलं, हे घरात कोणी बोलत नसे, पण अप्पा कधी कधी माझ्याकडे असं बघायचे की वाटे, आपण एखादं म्युझियमच बंद करायला निघालोय.

अशात दिल्लीत म्हणे अर्थव्यवस्था खुली झाली. आमच्याकडे त्याचा पहिला पुरावा भिंतींवर दिसला. एके दिवशी अप्पा ओरत्तनाडूहून बसने परत आले ते चप्पल न काढताच आत. घाम, हातात छत्री उलटी.

"भिंतीवर!" ते म्हणाले. "अमचं आडनाव! तमिळ अक्षरांत! पुरुषभर उंच!"

महाराष्ट्रातल्या कोणा कारखानदाराने पाण्याचे पंप काढले होते, त्यांना स्वतःचं आडनाव दिलं होतं आणि आता ते कावेरीच्या खोऱ्यात विकायला आणले होते. महिन्या-दोन महिन्यांत जिकडे तिकडे आम्हीच. भातगिरणीवर आम्ही, शाळेच्या कुंपणावर आम्ही, टूरिंग टॉकीजच्या मागे, जिथे लोक नाही त्या कामाला उभे राहतात, तिथेही आम्हीच. तीनशे वर्षं या मुलखात ज्यांचं आडनाव कोणाला ठाऊक नव्हतं, ते आता गुराख्यांच्या तोंडी झालं. आत्या म्हणाली, "येवढं नांव झालं, पण घरांत नळाला पाणी येईना."

खरी गंमत पुढेच. आमच्या पोस्टमनला आडनाव माहीत होतं. त्याने कोणालातरी सांगितलं की पंपवाल्यांचं घर म्हणजे हेच. मग एक शेतकरी मोपेडच्या कॅरियरला पंप बांधून दारात हजर. उतरवला, पायरीवर ठेवला आणि तमिळमध्ये म्हणाला, "सार, तुमचा पंप पाणी ओढत नाही. हात जोडतो, तुमचा तुम्ही घ्या."

दुसरा कोणी असता तर त्याला वाटेला लावला असता. अप्पांनी त्याला आत बोलावून कॉफी दिली. मग पंप रिक्षात घालून मेकॅनिककडे नेला आणि स्वतःच्या पेन्शनीतून दुरुस्त करून दिला. आई कपाळाला हात लावून बसली. अप्पा म्हणाले, "त्यावर नांव अमचं अहे. नांव बदनाम होऊं द्यावं कां?" त्यानंतर आठवडाभर आम्ही पायरीकडे धास्तीने बघत होतो. सुदैवाने बाकीचे पंप ओढत असावेत.

त्या वर्षी माझं लग्न ठरलं. मुलगा कुंभकोणमचा, आमच्यातलाच, बँकेत. आनी या तमिळ महिन्याच्या अगदी शेवटचा मुहूर्त मिळाला. त्यानंतर आडी लागणार, आणि आडीत आमच्याकडे लग्न करत नाहीत. आडी सरेपर्यंत त्याची रजाही सरणार. म्हणजे हा मुहूर्त हुकला तर पुढचं सगळं दूर जाणार होतं. मंडपम ठरला, नादस्वरवाले ठरले, स्वैपाकी येऊन मागल्या अंगणात चुली मांडून बसले. मला मुलगा आवडला होता, हे सांगायला आता कोणाची चोरी नाही.

लग्नाला दोन दिवस असताना अप्पा सकाळी इंग्रजी पेपर वाचत होते. एकदम त्यांनी पेपर मांडीवर ठेवला आणि चष्मा काढला. काळ्या चौकटीत एका गृहस्थांचा फोटो, खाली आमचं आडनाव. पंपवाले वारले होते.

आई म्हणाली, "पाप, बिचारा. बरा माणूस दिसतों," आणि भाजी चिरायला वळली. अप्पा जागचे हलले नाहीत.

"सुतक," ते म्हणाले.

ज्यांना या भानगडी ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आपल्या कुळातलं कोणी गेलं की घराला सुतक लागतं, तेवढे दिवस शुभकार्य करता येत नाही, गोडधोड खात नाहीत. जवळचा असेल तर दहा दिवस, पिढ्यांनी लांबचा असेल तर तीन. आणि या आडनावाचा प्रत्येक माणूस आमच्या कुळातला आहे, हे सिद्ध करायला अप्पांनी जन्म घालवला होता. आता त्यांचीच शेंडी त्यांच्याच हातात.

आत्या सगळ्यात आधी भानावर आली. "सुतक ऐकल्यावर लागतें. ऐकलं कोणीं? तूंच. पेपर कोणी वाचायला सांगितला होता? लग्नघरांत माणूस पेपर वाचतों कां?" तिने पेपर उचलून थेट चुलीकडे नेला. जणू चौकट जळली की माणूस जिवंत होणार होता.

वाध्यारांना, म्हणजे आमच्या भटजींना, बोलावणं गेलं. ते मोपेडवरून आले. त्यांना आमचं कार्य हवंच होतं, त्यामुळे त्यांनी शास्त्र शक्य तितकं वाकवून पाहिलं. आधी म्हणाले, नांदीश्राद्ध एकदा झालं की सुतक आड येत नाही. पण नांदी होती दुसऱ्या दिवशी सकाळी. "पंपवाले एक दिवस उशिरां गेले असते तर..." एवढं बोलून त्यांनी जीभ चावली. मग पिढ्यांचा हिशेब निघाला. पूर्वज एकच असला तरी तो तीनशे वर्षांपूर्वीचा, तेव्हा तीन दिवस. तीन दिवस म्हटले तरी मुहूर्त मध्येच सापडत होता.

"अण्णा," वाध्यार शेवटी काकुळतीने म्हणाले, "तुम्हीं एकदां म्हणा कीं तो अमचा नव्हे. आडनाव येक असलं म्हणून कुळ येक असतें कां? गोत्र ठावं अहे कां तुम्हांस त्याचं? म्हणा नव्हे, मी उद्यां नांदी करतों."

सगळे अप्पांकडे बघत होते. एक शब्द म्हणायचा होता. तो म्हटला असता तर माझं लग्न लागत होतं आणि अप्पा जगात एकटे पडत होते. त्यांच्या चेहऱ्यावर ते मला स्पष्ट दिसत होतं आणि मला भयंकर राग आला होता. ज्या माणसाचा पंपसुद्धा आम्ही विकत घेतला नव्हता, तो माझ्या लग्नापुढे उभा होता.

अप्पा उठले. "गोत्र विचारूं," म्हणाले. "खरं काय तें विचारूं." पेपरच्या चौकटीखाली फोन नंबर होता. आत्याने पेपर अजून जाळला नव्हता, नुसताच चुलीजवळ धरून सर्वांना धाक दाखवत होती. अप्पांना एका कानाने कमी ऐकू येई, म्हणून मला बरोबर घेतलं. लग्नाच्या मुलीने घराबाहेर पडू नये असं आईने म्हणेपर्यंत आम्ही कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये होतो.

काचेचं ते खोकं एका माणसापुरतं. मी अप्पांच्या खांद्याला चिकटून उभी. बिलाच्या मीटरवर लाल आकडे पळायला लागले. पलीकडे एका वयस्क बाईंचा आवाज आला. दोघांचं मराठी एकमेकांना लागायला जरा वेळ गेला. त्यांना आधी वाटलं कोणी मद्रासकडचा डीलर बोलतोय, आणि त्या म्हणाल्या, "ऑर्डरीचं आठवड्यानंतर बघू हो, घरात दुःख झालंय." मग अप्पांनी आपलं आडनाव सांगितलं.

"काय म्हणालात? पुन्हा सांगा."

अप्पांनी पुन्हा सांगितलं.

त्या बाई गेलेल्यांच्या थोरल्या बहीण होत्या. त्या रडायला लागल्या. भाऊ अविवाहित होता, आपण बालविधवा, मागे कोणी नाही, असं म्हणाल्या. "ज्या गावी जाईल तिथली टेलिफोन डिरेक्टरी बघायचा हो. म्हणायचा, ताई, आपल्या नावाचं कोणीतरी असेलच. म्हणून तर पंपांना नाव दिलं. म्हणे भिंतीवर दिसलं तर कोणीतरी ओळख देईल. कुठे राहता तुम्ही? इतकी वर्षं कुठे होता?"

अप्पांनी घसा साफ केला आणि अगदी हळू विचारलं, "तुमचं गोत्र कोणतें?"

बाईंनी सांगितलं. ते आमचं नव्हतं. वाध्यारांचं शास्त्र जिंकलं होतं, माझं लग्न लागणार होतं. मी इतका मोठा निःश्वास सोडला की काचेवर वाफ धरली.

"आणि तुमचं?" बाईंनी विचारलं.

अप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तेंच. तुमचं तेंच अमचं."

"म्हणजे तुम्ही आमचेच," बाई म्हणाल्या. मग एकदम त्यांना सुचलं. "अहो, मग तुम्हालाही सुतक आलं की. घरात काही कार्य वगैरे नाही ना ठरलेलं?"

मी अप्पांचा सदरा ओढला. माझ्या हातांना मेंदी होती.

"नाहीं," अप्पा म्हणाले. "कांहीं कार्य नाहीं. अम्ही धरतों सुतक. तुम्हीं रडूं नका."

बाहेर आल्यावर मी भर रस्त्यात त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. माझं लग्न परवा, आणि माझा बाप एका अनोळखी बाईला सांगतो की घरात काही कार्य नाही! अप्पांनी मला ओरडू दिलं. मग म्हणाले, "तिला कोण अहे? तुला अस्के अहेत." आमच्यात 'अस्के' म्हणजे सगळे. घरी येऊन त्यांनी अंगणातच सांगितलं, "गोत्र वेगळं अहे. नांदी करा." वाध्यारांनी आनंदाने कॉफी दोनदा मागितली. आडनावाच्या झाडाबद्दल अप्पा पुन्हा कधी कोणाशी बोलले नाहीत. खजिनदार, याज्ञिक, घोडेस्वार, तिघेही त्या दिवशी रिटायर झाले.

लग्न ठरल्या वेळी लागलं. नादस्वराच्या गजरात मुलाने माझ्या गळ्यात ताळी, म्हणजे मंगळसूत्र, बांधली, आणि आडनाव नावाची जी वस्तू माझ्या कागदावर कधी नव्हती ती माझ्यावरून रीतसर उतरली. मग पंगत बसली. अप्पा व्याह्यांच्या शेजारी. वाढप्याने केळीच्या पानावर पायसम वाढलं, जिलबीसारखी जांगिरी वाढली. अप्पांनी भात कालवला, ताक घेतलं, गोडाला बोट लावलं नाही. व्याह्यांनी आग्रह केला तेव्हा हात आडवा धरून नुसते हसले.

आत्याने पदर डोळ्याला लावला आणि माझ्या कानात म्हणाली, "बघ, पोर चाललीं म्हणून बापाला गोड उतरेना."

मी मान हलवली. पानावर वाळत चाललेली ती जांगिरी मी बघत होते. इतका मोठा सोहळा, सगळी माणसं, आणि त्यात माझा बाप एकटा, कोणा परक्या गोत्राच्या माणसाचं सुतक धरून बसला होता.