सदतिसाचा पाढा

हॉस्पिटलच्या तळघरात, शिशाच्या विटांच्या आडोशाला उभ्या राहून ताई किरणोत्सारी औषध मोजत आणि सिरिंजमध्ये भरत. हाडांचा किंवा थायरॉइडचा फोटो काढायच्या आधी हे औषध टोचावं लागतं. इतकी वर्षं त्यांनी ते मिलीक्युरीत मोजलं होतं. बाटली किरणं मोजणाऱ्या मीटरमध्ये ठेवायच्या आधीच आकडा कुठे थांबणार ते त्यांना कळे. "ताईंच्या डोळ्यांतच मीटर आहे," असं डॉक्टरीणबाई कौतुकानं म्हणत.

मग वरून हुकूम आला. क्युरी बंद, बेक्वेरेल सुरू. जुना एक मिलीक्युरी म्हणजे नवे सदतीस मेगाबेक्वेरेल. ताईंनी शाळकरी मुलीसारखा सदतिसाचा पाढा घोकायला घेतला. भाजी चिरताना, जिना चढताना त्यांचे ओठ हलत.

"मनातल्या मनात मलाच शिव्या घालतेयस ना?" नवऱ्यानं विचारलं.

"तुम्हाला घालायच्या तर मोठ्यानं घालीन. एकशे अकरा, एकशे अठ्ठेचाळीस..."

एका सकाळी डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठीवर आकडा होता तीनशे सत्तर. आजवर चिठ्ठ्या जुन्याच मापात येत, त्यामुळे चिठ्ठी दिसली की गुणायचं, ही सवय आता अंगात मुरलेली. ताईंनी गुणलं आणि सिरिंज भरायला घेतली. बाटलीचा तळ दिसला, तरी मीटरचा आकडा गुणाकाराच्या कितीतरी मागेच रेंगाळलेला. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. डॉक्टरीणबाईंनी आकडा आधीच नव्या मापात लिहिला होता! रुग्ण बाहेर बाकावरच बसलेला होता, टोचलं काहीच नव्हतं. तरी सगळं औषध परत बाटलीत घालून ताई स्वतःच जाऊन सांगून आल्या.

"तुम्हीच पकडलंत, हे बरं झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण महिनाअखेरीला तपासनीस येताहेत. त्यांच्यासमोर असं झालं, तर ते तुम्हाला वर नोंदणीच्या खिडकीत बसवतील. मग माझं काही चालायचं नाही."

खिडकीत बसून लोकांची नावं उतरवायची! रात्री जेवताना ताईंनी घरी सगळं सांगितलं. सासरे शिंपी होते. समोरच्याचा उतरलेला खांदा त्यांच्या नजरेतून सुटत नसे. सगळं ऐकून ते खुदकन हसले.

"सूनबाई, इंच जाऊन सेंटीमीटर आले तेव्हा मीही असाच गुणत बसायचो. एकदा गुणाकार चुकला आणि एकाची विजार गुडघ्याशीच संपली."

"अगंबाई! मग हो?"

"मग काय, म्हटलं, साहेब, उन्हाळा तोंडावर आलाय."

ताईंना हसू आवरेना. सासऱ्यांनी गळ्यातली टेप काढून पुढे धरली. इंचाच्या बाजूवर त्यांनी कधीकाळी कापडाची पट्टी शिवून टाकली होती. "जुनं दिसत राहिलं की नवं परकंच राहतं बघ. माणसाची छाती इंचातही नसते आणि सेंटीमीटरातही. आपण छाती मोजायची."

दुसऱ्या दिवशी ताईंनी मीटरच्या जुन्या मापाच्या बटणावर जखमेला लावायची चिकटपट्टी डकवली. पाढा सोडला. बाटली हातात आली की मीटरमध्ये ठेवायच्या आधी मोठ्यानं अंदाज सांगायचा, तोही नव्या मापातच. सुरुवातीला अंदाज असे हुकत की शेजारची नर्स म्हणे, "ताई, लिलाव चाललाय का? माझी बोली सहाशे!" पण हळूहळू आकडे जवळ येऊ लागले. नर्सची बोली बंद पडली.

तपासनीस आले. चेहरा इस्त्री केलेला. "पाचशे पन्नास भरा."

ताईंनी भरलं. सिरिंज उजेडात धरून म्हणाल्या, "थोडं कमी भरलंय, पाच-सहाचा फरक येईल." मीटरनं दाखवलं, पाचशे चव्वेचाळीस. थेंबभर वाढवलं, आकडा जागेवर आला. इस्त्रीला पहिली सुरकुती पडली.

"छान. जुन्या हिशेबात हे किती व्हायचं?"

ताईंनी बोटांवर मोजून पाहिलं. एवढा घोकलेला पाढा, पण जिभेवर येईना. "थांबा हं... भागून सांगते."

तपासनीसच आधी हसले. "राहू द्या, तुम्हाला कुठे हलवायची गरज नाही."

"ताई, पाढा कुठे गेला?" डॉक्टरीणबाईंनी डोळे मोठे केले.

"गेला खड्ड्यात!" ताई म्हणाल्या. पदराला पुसायला जाणारे हात त्यांनी वेळीच आवरले, नवे हातमोजे चढवले आणि दाराकडे बघून मोठ्यानं हाक दिली, "चला, पुढचा रुग्ण कोण आहे?"