दाजींच्या दोन नळ्या

माझी मोठी बहीण उमरीला दिली आहे. लग्नाला चार वर्षं होऊनही मूल झालं नाही, तेव्हा तिच्या सासरच्यांनी तिला दवाखान्यासाठी आमच्याकडे लातूरला पाठवायला सुरुवात केली. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, तेव्हा त्याआधीचं औषधपाणीही माहेरचंच, असा हिशेब. आईपप्पांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. अक्का दर महिन्याला यायची, आई तिला घेऊन जायची. सोनोग्राफ्या झाल्या, गोळ्या झाल्या, दुर्बिणीनं पोटाचं एक ऑपरेशनही झालं. दरवेळी डॉक्टर म्हणायचे, सगळं ठीक आहे. आणि तरी शेवटी दुसऱ्या ऑपरेशनची तारीख दिली.

तारखेच्या तीन आठवडे आधी आई तिला एका दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. मीही होते. बाईंनी फाइल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली, मग पुन्हा उलटी चाळली.

“नवऱ्याचा रिपोर्ट कुठाय?”

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या बाळाच्या फोटोकडे पाहिलं.

“आधी त्यांची तपासणी करून आणा,” बाई म्हणाल्या. “साधी आहे, एका दिवसात होते. मग हिचं पोट पुन्हा उघडायचं की नाही ते ठरवू.”

तपासणी साधी होती. ती जावयाला सांगायची कोणी, हा प्रश्न होता. पप्पा जावयाशी पाऊसपाण्यापलीकडे बोलत नाहीत. आईचा तर त्यांच्यासमोर आवाजच बदलतो. अक्कानं दोनदा विषय काढला होता. दाजी ‘बघू’ म्हणाले होते आणि सासूबाई आठवडाभर तिच्याशी बोलल्या नव्हत्या.

“तू सांग,” आई मला म्हणाली. “मेव्हणी आहेस. मेव्हणीनं काही म्हटलं तरी दाजी हसण्यावारी नेतात.”

नियम बरोबर होता, मेव्हणी चुकीची होती. चार वर्षांत मी दाजींना “कधी आलात?” आणि “पाणी देऊ का?” एवढंच विचारलं होतं. लग्नात त्यांचे बूट चुलतबहिणींनी पळवले. मी फक्त पिशवी धरली होती.

गंमत म्हणजे मी क्लासमध्ये बायोलॉजी शिकवते. शंभर मुलांसमोर फळ्यावर पुरुषाच्या प्रजननसंस्थेची आकृती काढते आणि चेहरा न हलवता ‘व्हास डेफरन्स’ म्हणते. इंग्रजीत ते शरीराचं नाही, परीक्षेचं वाटतं. मराठीत त्याला शुक्रवाहिनी म्हणतात, हे मी त्या आठवड्यात मराठी माध्यमाच्या पुस्तकात शोधलं. मोठ्यानं म्हणून पाहिलं. खोलीत मी एकटीच होते, तरी जमलं नाही.

तेव्हा धोंड्याचा महिना चालू होता. जावयाला जेवायला बोलवायचंच होतं. आईनं धोंडे केले, दाजींना पाटावर बसवलं, औक्षण केलं, नवे कपडे दिले. दाजी उमरीला ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान चालवतात. उंच, बोलके, तुपाची वाटी दुसऱ्यांदा मागायला न लाजणारे. जेवण झालं तसे पप्पा पान आणायला म्हणून बाहेर पडले, आई अक्काला घेऊन स्वयंपाकघरात गेली. मी सुपारीची तबकडी धरून उभी.

“काय मॅडम,” दाजी म्हणाले. ते मला मॅडमच म्हणतात. “सगळे गायब होऊन राहिले. काय बेत हाय?”

“दाजी, तुम्हाला एक सीमेन अ‍ॅनालिसिस करावं लागेल.”

“मराठीत सांगा की. ठिबकवाला माणूस हाय मी.”

मी वही घेतली. पेन हातात आल्यावर जरा धीर आला. खाली मान घालून मी आकृती काढली, क्लासमध्ये काढते तशीच. “इथं बी तयार होतं. ही नळी. डावी-उजवी, दोन असतात. जांघेतून पोटात जाते, वळसा घालून खाली येते.”

दाजींनी वही स्वतःकडे ओढली. गिऱ्हाईक शेताचा नकाशा घेऊन आल्यावर दुकानात त्यांचा चेहरा होतो, तसा झाला होता.

“अन् मधीच चोक झाली तर?”

“तर बी असूनही बाहेर येत नाही. माणसाला बाकी काहीच कळत नाही. सगळं नेहमीसारखंच असतं.”

त्यांचं बोट वर सरकत जांघेपाशी थांबलं. “इथं मला टाके हायत. दोन्हीकडून. लहानपणी हर्नियाचं आपरेशन झालतं, नांदेडला.”

स्वयंपाकघरातून भांड्याचा एकही आवाज येत नव्हता.

“म्हणजे दोष माझ्यात हाय का?”

“माहीत नाही. तपासल्याशिवाय कुणालाच कळणार नाही. पण अक्काला पुन्हा ऑपरेशनला घ्यायच्या आधी…”

दाजींनी आकृतीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. “आई म्हणती, गड्याची तपासणी म्हणजे गावभर बदनामी,” ते म्हणाले. मग एकदम हसले. “पण ड्रिपरमधून पाणी येईना म्हणून झाड उपटणारा शेतकरी आला, तर मीच त्याला येड्यात काढतो.” आणि आत बघून मोठ्यानं म्हणाले, “या बाहेर आता! उद्या सकाळी जातो मी. मॅडम, तुम्ही बी चला, इंग्रजी बोलायला.”

आत एकदाचं पातेलं पडलं.

रिपोर्टमध्ये एकही शुक्राणू नव्हता. बाईंनी पुढे ज्यांच्याकडे पाठवलं, त्या डॉक्टरांनी दाजींना हातानं तपासलं, रक्ताच्या चाचण्या केल्या. “काही जणांना या नळ्या जन्मतःच नसतात,” ते म्हणाले. “यांना आहेत, हाताला लागतात. बीही तयार होत असणार. बहुतेक वर जुन्या टाक्यांपाशी रस्ता बंद झालाय.” बंद झालेला भाग काढून नळीची टोकं केसाहून बारीक धाग्यानं, मायक्रोस्कोपखाली जोडायचं काम, त्यासाठी हैदराबादला जायचं. खात्री देता येत नाही, हेही त्यांनी दोनदा सांगितलं. अक्कानं बाहेर येऊन स्वतःच्या ऑपरेशनची तारीख फोनवरून पुढे ढकलली. रद्द करायची तिची हिंमत झाली नाही.

हैदराबादला ऑपरेशन बराच वेळ चाललं. सर्जननं बाहेर येऊन सांगितलं, डावी नळी जुळली. उजवीची टोकं फार दूर गेलेली, ती नाही जुळली. दाजी शुद्धीवर आल्यावर अक्कानं त्यांना तेच सांगितलं. ते डोळे मिटूनच म्हणाले, “एका लायनीवर बी शेत भिजतं.”

विश्रांतीला ते आमच्याकडेच होते. शेजारच्या काकू चौकशीला आल्या. आई म्हणाली, “हर्निया होता हो.” आतल्या खोलीतून आवाज आला, “न्हाई काकू, लेकराबाळांची नळी जोडून आणली!” आईनं चहा कपाऐवजी बशीतच ओतला. काकूंनी मात्र खुर्ची दाराजवळ सरकवली आणि आपल्या भाच्याला हैदराबादचा पत्ता मिळेल का, असं हळूच विचारलं.

दाजींच्या आईही उमरीहून आल्या. तिसऱ्या दिवशी दाजी गादी उचलायला वाकले तशा ओरडल्या, “ठीव ती खाली! जड उचलू नको म्हणलंय नव्हं डॉक्टरनं?” आणि अक्काला म्हणाल्या, “तू बी लक्ष देत जाय याच्याकडं.” उपचार सुनेवर नाही, मुलावर झालेत, हे त्यांच्या बोलण्यात पहिल्यांदाच आलं होतं.

तीन महिन्यांनी दोघं उमरीहून पुन्हा तपासणीला नांदेडला गेले. अक्कानं लॅबच्या पायऱ्यांवरूनच मला रिपोर्टचा फोटो पाठवला आणि लगेच फोन केला. मी दोनदा वाचला.

“आहेत,” मी म्हटलं. “कमी आहेत, पण आहेत. हलतायत.”

फोनमध्ये तिच्या मागे दाजी कुणाला तरी गाडी सरकवायला सांगत होते.

“म्हणजे माझं आता काही कापायचं नाही ना?”

“नाही. डॉक्टरबाईंना विचारून घे, पण आता घाई नाही. ती तारीख रद्द कर.”

“केली समज. ठेव मग,” ती म्हणाली. “सकाळपासून उपाशी आहोत दोघं. आधी मिसळ खातो.”