टेपच्या आतली दोन बोटं

"हात नको लावू."

एवढं म्हणून तिनं माझ्या हातातली टेप काढून घेतली आणि पहिल्या रांगेतल्या एका मुलीला दिली. अकरावीचा वर्ग होता. बावीस मुली, नऊ मशिनी, मधे कटिंगचं लांब टेबल. त्या दिवशी मी अंगावरून माप घ्यायला शिकवत होते. ती वर्ग पाहायला आली होती, म्हणून मीच म्हटलं, मॅडम, जरा उभ्या राहता का, मुलींना दाखवते. ती हसून हो म्हणाली. पदर सावरून उभी राहिली. मी तिच्या खांद्याकडे हात नेला आणि ती एक पाऊल मागे सरकली.

"ही घेईल माप. तू तिथून सांग."

तिथून म्हणजे दारातून. मी दारात जाऊन उभी राहिले. शिकवणारी मी, आणि मी दारातून सांगत होते की खांदा इथून इथपर्यंत, मुंढा असा, कंबर तशी. मुलीनं घाबरत टेप गुंडाळली आणि करकचून ओढली. आकडा चुकत होता हे मला लांबूनही दिसत होतं. बोलले नाही. मुलीनं सांगितलेला आकडा फळ्यावर लिहिला. माझ्याच हातानं, माझ्याच अक्षरात.

ती म्हणजे आमच्या शाळेच्या अध्यक्षांची बायको. शाळेत सगळे तिला बडी मॅडम म्हणतात. शाळा रायपूरला, शंकर नगरात. मी तिथं नववी ते बारावीच्या मुलींना शिवण आणि कपड्याचं डिझाइन शिकवते. कॉन्ट्रॅक्टवर. दर वर्षी मार्चमधे कागद पुढे सरकतो किंवा सरकत नाही. बडी मॅडमला मी इथं अहो-जाहो करणार नाही. ते का, तेही सांगते.

रुजू झाले त्या आठवड्यात तिनं मला स्टाफरूममधे फोनवर आईशी बोलताना ऐकलं. "अय्या, तुम्ही मराठी?" म्हणाली. खुश झाली. तिचं माहेर नागपूरचं. इथं मराठी बोलायला कोणी मिळत नाही म्हणाली, आमची मुलंसुद्धा हिंदीतच उत्तर देतात. बसा म्हणाली, चहा घ्या म्हणाली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग तिनं गाव विचारलं. मी सांगितलं, वडील भंडाऱ्याकडचे, इथं रायपूरजवळ उरल्यात रोलिंग मिलमधे होते. मग आडनाव विचारलं. ते सांगितलं.

"हो का," ती म्हणाली. "म्हणजे तुम्ही निळ्या झेंड्याच्या."

"हो. आम्ही बौद्ध."

चहा आला, तो माझ्यापुरताच आला. तिला अचानक काम आठवलं होतं. दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरमधे भेटली तेव्हा म्हणाली, "काय गं, मशिनी पुसून घेतल्यास का?" आडनाव सांगेपर्यंत मी तुम्ही होते. सांगितल्यावर तू झाले. मराठीत ही सोय आहे. कोणाला शिवी द्यावी लागत नाही, एक सर्वनाम बदललं की काम होतं.

आता ते माप.

छातीचं माप घेताना टेपच्या आत आपली दोन बोटं ठेवायची असतात. तेवढी जागा सुटली तर माणसाला त्या कपड्यात श्वास घेता येतो, हात वर करता येतो. ही बोटं समोरच्याच्या अंगाला लागतातच. लागल्याशिवाय माप निघत नाही. आयटीआयमधे आमच्या मॅडमनं हे पहिल्या दिवशी शिकवलं होतं आणि मी ते माझ्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवायची.

दारातून माप सांगितलं त्या दिवसानंतर मी ते शिकवणं बंद केलं.

ऐका, कसं केलं ते. बडी मॅडमकडून शिवायला कपडे यायला लागले. मुलींना प्रॅक्टिस होईल म्हणून. पॉलिथिनच्या पिशवीत कापड आणि सोबत एक जुना, बसता ब्लाउज, मापाचा. चपराशी पिशवी टेबलावर ठेवून जायचा. मग मी एक नवीन धडा काढला. फळ्यावर मथळा लिहिला, 'तयार कपड्यावरून माप'. ब्लाउज टेबलावर पसरायचा, हात फिरवून सरळ करायचा, टेप लावायची. अंगाला हात लावायची गरज नाही. मुलींना म्हटलं, हे सोपं पडतं, गिऱ्हाइकालाही संकोच वाटत नाही. पद्धत काही खोटी नाही. सगळे टेलर वापरतात. खोटी मी होते. एका बाईनं मला दारात उभं केलं आणि त्या दाराचा मी अभ्यासक्रम केला.

वर हेही सांगते की मला त्यात हुशारी वाटत होती. अपमान कसा टाळला बघा, असं मनातल्या मनात. लाज वाटते आता.

दिवाळीनंतर प्रॅक्टिकल आलं. जोडीदारणीचं माप घ्यायचं आणि कुर्ता कापायचा. दुर्गा नावाची एक मुलगी आहे वर्गात, सिलतऱ्याच्या बाजूच्या गावातून येते. बाप स्पंज आयर्नच्या कारखान्यात. मशीनवर तिचा हात असा बसतो की मला हेवा वाटावा. शिलाई सरळ, टाके एकसारखे. पण तिचा कुर्ता तिच्या जोडीदारणीला बसेना. खांदे उतरले होते, छातीत तो पोत्यासारखा ढगळ झाला होता. मी म्हटलं, पुन्हा माप घेऊन दाखव.

तिनं टेप घेतली. जोडीदारीण समोर उभी. दुर्गानं दोन्ही हात पुढे केले, टेप हवेत धरली, वीतभर अंतर ठेवून. मग माझ्याकडे पाहिलं.

"मिस, दुरिहा से ले लूँ?"

लांबूनच घेऊ का, असं ती मला विचारत होती. जोडीदारणीला हात लावायची परवानगी ती माझ्याकडे मागत होती.

"काहून लांबून?" माझ्या तोंडून मराठीच निघालं. मग हिंदीत विचारलं, पास से क्यों नहीं लेती?

"गाँव में हमको बोलते हैं दूर रहो," ती म्हणाली. अगदी साधेपणानं. "आप भी तो दूर से लेती हो, मिस. मैं सोची यहाँ का भी यही कायदा है."

वर्गात कोणी हसलं नाही. मशिनी थांबल्या. मला वाटलं जमीन फाटून मला आत घेईल तर बरं, पण ती फाटत नाही. मला राग आला. बडी मॅडमचा नंतर. आधी माझा. या पोरीला गावानं जे शिकवलं होतं ते पुसायला ती शाळेत आली होती, आणि शाळेत मी तेच पुन्हा शिकवलं, फळ्यावर मथळा लिहून.

मी तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, मेरा नाप ले. ती हलेना. मी टेप स्वतःच माझ्या छातीभोवती घेतली, तिचा हात धरला आणि तिची दोन बोटं टेपच्या आत घातली. बोटं थंडगार होती. "दबा के रख," म्हटलं. "अब पढ़." तिनं आकडा वाचला. बरोबर होता. मग मी बावीसही मुलींना एकेक करून माझं माप घ्यायला लावलं. दोन तास गेले. पुढचा पिरियड इंग्रजीचा होता, त्या मॅडम दारात येऊन गेल्या, मी त्यांना थांबा म्हटलं. एका मुलीनं घेताना गुदगुल्या केल्या, मी तिला टपली मारली. शेवटी दुर्गाला विचारलं, समजलं का. "हव, मिस," म्हणाली, म्हणजे हो.

पण बडी मॅडमचा एक ब्लाउज त्याआधीच शिवून गेला होता. कोसा रेशमाचा, बदामी रंगाचा, लग्नाला घालायचा म्हणून. मापाचा ब्लाउज पाठवला होता तो कधीचा जुना होता देव जाणे. आम्ही त्याच्याबरहुकूम कापला, त्याच्याबरहुकूम शिवला.

चार दिवसांनी ती वर्गात आली. ब्लाउज टेबलावर फेकला. बाजूची शिलाई उसवली होती.

"श्वास घेता येत नाही यात. लग्नात माझी शोभा झाली. काय शिकवतेस तू यांना?"

मी ब्लाउज उचलून पाहिला. मापाचा ब्लाउज अजून कपाटातच होता, तोही काढला, दोन्ही एकावर एक ठेवले. सुताचा फरक नव्हता. तिला दाखवले.

तिनं पाहिलं नाही. मुलींकडे वळली. "यांना सर्टिफिकेट मिळतं कोट्यातून," ती म्हणाली. "हातात कसब कुठून मिळणार?" हे तिनं हिंदीत पुन्हा सांगितलं, म्हणजे कोणी चुकायला नको. दुर्गा खाली पाहत होती. मी तिची मान पाहिली आणि माझी उचलली.

मी म्हटलं, "ब्लाउज तुमच्या मापाच्या ब्लाउजासारखाच आहे. अंग बदललं. आता अंगावरून माप घ्यावं लागेल. या, उभ्या राहा. मी घेते."

तिनं पहिल्या रांगेतल्या त्याच मुलीला बोट केलं. "बेटा, तू टेप घे."

मुलगी जागची हलली नाही. का, ते मला माहीत नाही. घाबरली असेल.

"इथं माप मी घेते," मी म्हटलं.

"तू आपली पायरी ओळखून राहा."

त्या वेळी मला शुद्ध मराठी सुचलं नाही. घरचं आलं. "मले तू म्हणू नका," मी म्हटलं. "वर्ग हाये हा. अन् माह्या हाताचा विटाळ होत असन, तर इथं शिवायले टाकू नका."

अशी भाषा तिनं घरी भांडी घासणाऱ्या बाईच्या तोंडी ऐकली असेल, टेबलामागून कधी ऐकली नव्हती. ब्लाउज घेऊन निघून गेली. मी स्टुलावर बसले आणि मुलींना म्हटलं, बाहीचं ड्राफ्टिंग काढा.

घरी आईला सांगितलं. आई जन्मभर आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायांचे परकर-ब्लाउज शिवत आली, बंगल्यांवरचंही काम घ्यायची. तिनं हातातली सुई ठेवली.

"काहून बोलली तू? कॉन्ट्रॅक्ट हाय तुह्यं."

"तुले नाही का कोणी असं केलं?"

"मले तर गेटच्या आतच नाही घेतलं कधी. गेटवरून फेकत कपडा."

"मंग तू काय म्हणे?"

"काय म्हणतो? उचलो, अन् घरी येऊन शिवो."

ती पुन्हा सुई घेऊन बसली. मला तिच्यावर रागावता आलं नाही. तिला तीन पोरं जगवायची होती. पण ती जे उचलत आली ते माझ्या हातून आता उचललं जाणार नाही, हे मला त्या क्षणी पक्कं कळलं.

दोन दिवसांनी प्रिन्सिपल सरांनी बोलावलं. माणूस तसा वाईट नाही. त्याला भांडण नको असतं, एवढाच त्याचा स्वभाव, आणि त्या स्वभावाचा फायदा कोणाला होतो ते तो पाहत नाही. समोर कोरा कागद ठेवला.

"दो लाइन लिख दीजिए. गलतफहमी हो गई थी. मार्च में आपका रिन्यूअल भी है."

"गलतफहमी नहीं हुई, सर," मी म्हटलं. "सबको ठीक समझ में आया."

कागद मी घेतला. तिथंच बसून लिहिलं. पण माफी लिहिली नाही, तक्रार लिहिली. तारीख, वर्ग, कोण हजर होतं, ती काय म्हणाली, मी काय म्हणाले. आणि शेवटी लिहिलं की माझी जात कळल्यापासून मला माझ्याच वर्गात माझं काम करू दिलं जात नाही, आणि हा गुन्हा आहे.

सरांनी वाचलं. चष्मा काढला. "जाति वाली लाइन हटा दीजिए. बाकी ठीक है."

"वही एक लाइन तो लिखी है, सर. बाकी सब पता-तारीख है."

त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाले, सोच लीजिए. म्हटलं, सोचून आले आहे.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा ब्लाउजासाठी एवढं? म्हणा. तुमचे कपडे कोणी शिवले ते तुम्ही कधी विचारलं नाही, आणि शिवणाऱ्याला तुमच्या घरी कुठं उभं केलं तेही आठवून पाहिलं नाही. ज्यांना दारात उभं केलं गेलं त्यांना ते किती एवढंसं असतं, ते दुर्गाला विचारा.

ऑफिसात जाऊन मी अर्जाची झेरॉक्स काढली. क्लार्क अर्ज मिळाल्याचा शिक्का मारायला का-कू करत होता. मी खिडकीसमोरून हलले नाही. शेवटी त्यानं मारला. एक प्रत मी कलेक्टर ऑफिसला देणार आहे आणि एक पोलीस ठाण्यात, तीही पोच घेऊन.

मार्च अजून यायचा आहे. नोकरी गेली तर गेली, असं मी म्हणणार नाही. ती चैन मला परवडत नाही, आणि तसं म्हणायचंही नाही मला. ही नोकरी मी शिकून मिळवली आहे आणि मी ती सोडणार नाही. काढून घ्यायची असेल तर त्यांना कारण लिहून द्यावं लागेल. खरं कारण, शाळेच्या लेटरहेडवर, खाली सही करून.