रिकामी डबी

माझी नात हेलियमवर शिकते. जत्रेतला फुगेवाला फुग्यात भरतो तोच वायू. पण हिचा हेलियम घट्ट असतो, खडीसाखरेच्या खड्यासारखा. नुसता थंड करून तो गोठत नाही, वरून दाबावाही लागतो. माझं शिक्षण चौथीपर्यंत. मला समजलं तेवढं लिहिते. कुठं चुकलं तर दोष तिचा, तिनं नीट सांगितलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात ती चुडाव्याच्या ठेसनावर गाडीतून उतरून घरी आली ती वाळून. मी म्हणाले, "खायला घालत न्हाईत का तिथं? नुसती काटकी झालीस." ती हसली नाही. माझ्या बाजेवर येऊन बसली. बाज ढिली झाली होती. तिनं अंबाडीच्या दोरीवर बोट ठेवलं.

"आजी, ही ओळ बघ. मधीच संपलीय, म्हणून शेजारच्या ओळी सरकल्यात. हेलियमच्या खड्यात बी अशाच ओळी असतात, आन अशाच चुकलेल्या जागा. जरा ढकललं की ती चूक पुढं सरकत जाते. म्हणून खडा मऊ लागतो."

"मग ताठ कवा होतो?"

"अजून थंड केला की. त्यात दुसऱ्या जातीचा हेलियम चिमूटभर असतोच. थंडीत तो चुकलेल्या जागी जाऊन चिकटतो, तिला सरकू देत न्हाई. त्याला अशुद्धी म्हणतात."

"जात आन अशुद्ध हे दोन शब्द या घरात एका दमात बोलू नको. तुझ्या पणज्यानं दीक्षा घेतली ती हे ऐकायला न्हाई."

आता ती हसली. "पण त्याच्यामुळंच खड्याला बळ येतं की."

"येणारच. फुकट राबणारा मिळाला की कुणालाही बळ येतं."

तिचा शोध असा होता की अगदी शुद्ध हेलियम, ज्यात अडवायला कुणीच नाही, तोही ताठ होतो. तिच्या सरांनी तिची पाठ थोपटली होती. पदवी ठरल्यासारखीच होती. माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, परभणीला शिक्षक आहे. त्यानं सगळ्या गल्लीत पोरगी डॉक्टर झाल्याचं सांगून टाकलं होतं, आणि त्याच जोरावर मानवतचं इंजिनियरचं स्थळ आणलं होतं. पाहुणे रविवारी येणार होते.

शनिवारी दुपारी आम्ही तांदूळ निवडत होतो. ती म्हणाली, "आजी, ताठ होत होता तो हेलियम नव्हता. ज्या डबीत तो गोठवते तिच्यात मोजायच्या पट्ट्या डिंकानं चिकटवल्या होत्या, तो डिंक थंडीनं आखडत होता. रिकामी डबी आधी तपासायची असते. मी शेवटी तपासली, तर ती बी तशीच ताठ."

"कुणाला ठाव हाय?"

"मला. आन आता तुला."

"मग गप बस. पदवी घे. तुझ्या डबीत कोण डोकवायला जातंय?"

"तू बी असं म्हणतीस?"

"मी बी. मी जन्मभर लोकाच्या रानात खुरपलं, ते डिंकापायी तुझं वाटोळं बघायला न्हाई."

ती सूप घेऊन आत गेली.

रविवारी पाहुणे आले. नवऱ्या मुलाची आत्या जाडजूड, डोळ्यांनी माप घेणारी. "जरा चालून दाखव, बाई." नातीनं चालून दाखवलं. "डॉक्टर म्हंजे सुई देणारी न्हाई ना?"

माझा मुलगा घाईनं म्हणाला, "न्हाई न्हाई, शास्त्रज्ञ. पुढच्या महिन्यात पदवी हाय."

"न्हाई मिळणार," नात म्हणाली. "माझं काम चुकलंय. पुन्हा पहिल्यापासून करायचंय." आणि डिंकाचं सगळं सांगून टाकलं, मला सांगितलं तसंच.

नवऱ्या मुलानं खिशातून मोबाईल काढला आणि त्यात मान घातली. आत्या म्हणाली, "म्हंजे इतकी वर्षं पोरगी डिंकच मोजत बसली?"

सगळे हसले. मलाही हसू आलं, मी हसले. तिचा बाप तेवढा हसला नाही. निघताना आत्या दारात थांबून म्हणाली, "पोहे मात्र लय झकास झालते."

पाहुण्यांची गाडी वळली आणि माझा मुलगा नातीला म्हणाला, "तुला शिकवण्यापेक्षा दोन म्हशी घेतल्या असत्या तर बरं झालं असतं." तिनं लिंबाखाली जाऊन सरांना फोन लावला. सरांचा आवाज ओट्यापर्यंत येत होता. इंग्रजीत शिव्या कशा देतात मला माहीत नाही, पण त्या शिव्याच होत्या. ती नुसती "येस सर, येस सर" करत होती.

दुसऱ्या दिवशी ती परत निघाली. बाप घरातून बाहेर आला नाही. मी ऑटोत बसून तिच्यासोबत ठेसनावर गेले.

"तो आता तुझ्याशी बोलायचा न्हाई," मी म्हणाले.

"आन तू?"

"मी बोलंन. पण तू येडी हायेस."

गाडी आली, ती चढली. मी हात हलवला नाही, हातात पिशवी होती.

तिला शिकायला मिळणारे पैसे बंद झाले. आता सकाळी शिकवण्या घेते आणि मग डबीपाशी बसते. कितीतरी महिने ती रिकामीच डबी थंड करत होती. परवा फोनवर म्हणाली, "आजी, भरला हेलियम."

"ताठ झाला का?"

"न्हाई. मऊच राहिला."

"म्हंजे तुझा शोध गेला."

"गेला." आवाज साधा होता. गेलेल्याला गेलंच म्हणावं लागतं.

तिचा बाप दर रविवारी इकडं येतो. जेवताना भाकरी मोडत, माझ्याकडं न बघता विचारतो, "डबी भरली का तिनं?"

आता मला माहीत आहे. मी सांगत नाही.

"तिला विचार," म्हणते आणि कालवण वाढते.